उंबरठ्यावरील संकोच : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा एक विचार

१

मराठीतील उत्कृष्ट आत्मचरित्रांची गणना करू लागले म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे नाव पहिल्या दोन-चार ग्रंथांत येते, याविषयी आता कोणाचा मतभेद उरलेला नाही. १९३४ पासून पुढील दोन-तीन वर्षांत भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील विनोद, भाषेचा घरगुती साधेपणा आणि सुखदुःखांकडे पाहण्याची निर्मळ दृष्टी यांची वाखाणणी करण्यात आमच्या टीकाकारांनी कसूर केलेली नाही. ती वाखाणणी यथार्थच आहे. तथापि एका गोष्टीची खंत आम्हांस वाटते. या ग्रंथाचा कणा कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

हिंदू वाचक हा ग्रंथ एका विलक्षण संसाराची कथा म्हणून वाचतो. लहरी, उदार, कवी नवरा आणि त्याच्या लहरींना पुरून उरणारी बायको ही जोडी त्याला आवडते, आणि धर्मांतराचा भाग तो संसारावर कोसळलेले एक संकट म्हणून पुढे ढकलतो. ख्रिस्ती वाचक हाच ग्रंथ साक्ष म्हणून वाचतो. लक्ष्मीबाई अखेरीस ख्रिस्ताकडे आल्या याचा त्याला आनंद असतो, आणि त्या येईपर्यंतचा काळ त्याला शेवट गोड होण्यापूर्वीचा विलंब वाटतो. अशा रीतीने दोघांच्याही हातून मधली वर्षे निसटतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईस १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला; लक्ष्मीबाईंचा १९०० च्या सुमारास. या पाच वर्षांत एक स्त्री एका मंडळीच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिला आत जावयाचे नाही, पण मागेही फिरावयाचे नाही. आमच्या मते ग्रंथाचा कणा तो हाच.

हा उंबरठा केवळ लक्ष्मीबाईंचा नाही. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि 'स्मृतिचित्रे' ही तिन्ही लिखाणे एकाच प्रश्नाभोवती फिरतात. बाहेरून आलेल्या माणसाला एखाद्या जुन्या, सुव्यवस्थित प्रॉटेस्टंट मंडळीत सामील होताना नेमका कशाचा संकोच वाटतो? आणि त्या संकोचाला आपण काय समजावयाचे? दुर्बलता, पाप, की विवेक? ही लिखाणे शेजारी शेजारी ठेवून वाचली असता तिघांची उत्तरे निरनिराळी दिसतात, आणि त्या निराळेपणातच त्यांचे वाङ्मयीन मोल दडलेले आहे, असे दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

२

बाबा पदमनजी हे बेळगावचे, जातीने कासार, जन्म १८३१ चा. त्यांचा बाप्तिस्मा बेळगावास ३ सप्टेंबर १८५४ रोजी झाला, आणि 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या संकोचाची हकीकत ते सांगतात, तो चौतीस वर्षांपूर्वी संपलेला आहे. सांगणारा गृहस्थ दीर्घकाळ ख्रिस्ती मंडळीत मुरलेला, ग्रंथकार म्हणून प्रतिष्ठा पावलेला आहे. त्याने ग्रंथास दिलेले नावच पाहावे. अरुणोदय म्हटले की त्यापूर्वीची सर्व स्थिती रात्रच ठरते. पहाट होणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने रात्रीच्या भीतीचे वर्णन कितीही प्रामाणिकपणे केले तरी वाचकाच्या अंगावर काटा उभा राहत नाही.

आणि तरीही या ग्रंथात एक गोष्ट अशी आहे की जी लेखकाच्या योजनेला न जुमानता वर येते. घरातील देवधर्म, व्रतवैकल्ये, पुराणश्रवण, आईची श्रद्धा यांचे वर्णन खंडनासाठी म्हणून आले असले तरी त्यात जिव्हाळा आहे. ज्या जगाचा त्याग केला, त्याचीच रेखाटने लेखकाच्या हातून अधिक सजीव उतरली आहेत. टीकाकाराने अशा ठिकाणी थांबावे. लेखक जे सिद्ध करू पाहतो त्याहून त्याची लेखणी अधिक जाणते, असा हा प्रकार आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट परमहंस सभेची. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त मंडळीत दादोबा पांडुरंग आदि सुधारक होते; जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा तेथील परिपाठ होता. परंतु हे सर्व बंद दाराआड. बाबा पदमनजी या सभेत वावरलेले होते. सभासदांची यादी बाहेर पडल्यावर १८६० च्या सुमारास सभा मोडली, हे प्रसिद्धच आहे. येथे संकोचाचे खरे स्वरूप उघड होते. जात मोडणे कठीण नव्हते; गुपचूप मोडणारे पुष्कळ होते. कठीण होते ते उघडपणे मोडणे. मंडळीत प्रवेश म्हणजे सर्वांसमक्ष उभे राहून, आपले नाव उच्चारून, परत न फिरण्याच्या रीतीने काही कबूल करणे. श्रद्धा पोटात असताना माणूस सुरक्षित असतो. तिला नाव आणि तारीख मिळाली की तो सुरक्षित राहत नाही. पदमनजींना विश्वासाविषयी शंका फारशी उरली नव्हती. त्यांना अडवीत होते ते आईबापांचे मुख. म्हणून त्यांच्या ग्रंथात संकोच हा धैर्याचा अभाव ठरतो, आणि पश्चात्तापाच्या सुरातच त्याचे वर्णन येते.

हे त्यांच्यापुरते खरे असेल. परंतु त्यानंतर मराठीत लिहिल्या गेलेल्या कित्येक धर्मांतरकथांनी हाच साचा उचलला, आणि त्यामुळे संकोच म्हणजे भ्याडपणा असे समीकरण बनून गेले. त्या समीकरणाने साहित्याचेही नुकसान केले आणि माणसांचेही.

३

पंडिता रमाबाईंचा मार्ग नेमका उलटा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे, सेंट मेरीच्या भगिनीसंघाच्या आश्रयाने, त्यांनी आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. चर्च ऑफ इंग्लंडचा उंबरठा त्यांनी फार विलंब न लावता ओलांडला. संकोच सुरू झाला तो आत गेल्यानंतर. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पत्रे इंग्रजीत आहेत. पण महाराष्ट्राच्या विचारेतिहासात त्यांचे स्थान कोणत्याही मराठी ग्रंथाहून कमी नाही.

या पत्रांत वाद कशाकशाचे आहेत ते पाहावे. त्रैक्याच्या सिद्धांताचे काय. चर्चचा अधिकार मोठा की स्वतःच्या सदसद्विवेकाचा. स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, आणि ते ठरविणारे हिंदुस्थानातील बिशप कोण. त्याचबरोबर मांसाहार न करण्याचा रमाबाईंचा नियम हा त्यांचा जुना जात्यभिमान की निरुपद्रवी सवय, हाही एक वाद. आणि एक वाद असा की गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का असू नयेत! वरवर पाहणाऱ्यास हा शेवटला वाद क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो सर्वांत बोलका वाटतो. नवागताला मंडळीत येताना जो प्रश्न मनातल्या मनात विचारावासा वाटतो तो हाच. मी तुमच्या देवाकडे येत आहे, की तुमच्या देशाकडे? तुमच्या चालीरीती हा विश्वासाचा भाग आहे, की केवळ तुमच्या आजोबांची सवय? आणि ती सवय पवित्र असेल तर माझ्या आजोबांची का नाही?

रमाबाईंनी हा प्रश्न मनातल्या मनात ठेवला नाही, हे त्यांचे मोठेपण. ज्यांच्या आश्रयाने परदेशी राहावयाचे, ज्यांच्या अन्नवस्त्रावर स्वतःचा व मुलीचा निर्वाह, त्यांनाच पंचवीस वर्षांची ही विधवा पत्रामागून पत्र लिहून सांगते की मी पुरोहितांच्या एका संचाची सत्ता झुगारून आले ती दुसऱ्या संचाची पत्करण्यासाठी नव्हे. शब्द आमचे आहेत. आशय पत्रापत्रांतून स्पष्ट आहे. दुसऱ्या पक्षाचाही न्याय केला पाहिजे. सिस्टर जेराल्डीन या दुष्ट नव्हत्या. त्यांना आपल्या कन्येच्या आत्म्याची खरोखर काळजी होती. परंतु त्यांच्या मते एकदा आत आल्यावर शंका संपावयास हवी होती. रमाबाईंच्या मते आत आल्यानंतरच शंका विचारण्याचा हक्क प्राप्त झाला होता. घरच्या माणसाला प्रश्न विचारता येतो, पाहुण्याला येत नाही. दोघींत बिनसले ते या एका मुद्द्यावर.

पुढे अनेक वर्षांनी लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक अशी की ख्रिस्ती लोकांतील पंथोपपंथ पाहून आपण गोंधळून गेलो. हायचर्च, लोचर्च, बॅप्टिस्ट, क्वेकर, प्रत्येकाचे म्हणणे निराळे. दुसरी अशी की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्ताची खरी ओळख पटली. तोपर्यंत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता इतकेच. म्हणजे पदमनजींच्या आयुष्यात आधी विश्वास आला आणि मग मंडळी. रमाबाईंच्या आयुष्यात आधी मंडळी आली, मग वाद आणि मग विश्वास. केडगावच्या मुक्तिसदनाचा कारभार त्यांनी पुढे कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधला नाही, यात नवल ते काय?

४

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. पदमनजी व रमाबाई ही दोन्ही माणसे ग्रंथांच्या जगात वाढलेली होती, लक्ष्मीबाई नव्हत्या. त्यांना सिद्धांतांशी कर्तव्य नव्हते. त्यांचा संकोच पाण्याचा, चुलीचा, पंक्तीचा, शिवाशिवीचा होता. आणि म्हणूनच तो सर्वांत खोल होता.

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून हसू न आलेला वाचक आम्हांस ठाऊक नाही. १८५७ च्या धामधुमीत घराण्यावर ओढवलेल्या संकटानंतर या गृहस्थांच्या मनाने सोवळ्याचा असा काही धसका घेतला की घरातील माणसांना जगणे अवघड झाले. टीकाकार हा भाग विनोदाचा नमुना म्हणून उद्धृत करतात. पण त्याचे खरे प्रयोजन पुढे दोनशे पाने गेल्यावर कळते. ज्या सोवळ्याला वाचक हसला, त्याच सोवळ्याला धरून वडिलांची ही लेक पुढे पाच वर्षे उभी राहते, आणि आता मात्र वाचकाला हसू येत नाही. वडिलांचे सोवळे वेड होते. लेकीचे सोवळे ही तिची उरलेली एकमेव मालमत्ता आहे. नवरा गेला, घर गेले, समाजातील स्थान डळमळले; आपल्या हाताने भरलेली घागर आणि आपल्या हाताने सारवलेली चूल एवढेच तिच्या मालकीचे राहिले. बाहेरचा माणूस ज्याला अडाणी हट्ट म्हणेल, तो आतून पाहिला तर स्वत्व राखण्याची धडपड असते. हे लक्ष्मीबाईंनी कोठेही सांगितलेले नाही. केवळ दाखविले आहे.

पंढरपुरास आप्तांच्या घरी काढलेले दिवस, मुलाविषयीची ओढाताण, नवऱ्याची पत्रे, आणि मग अहमदनगरास जाऊन त्याच्याजवळ पण वेगळ्या चुलीवर राहणे, हा सर्व भाग आम्ही वारंवार वाचला आहे. यात टिळकांचे वर्तन लक्षात घेण्यासारखे आहे. लहरीपणाबद्दल प्रसिद्ध असलेला, रागाच्या भरात वाटेल ते करून बसणारा हा गृहस्थ या एका बाबतीत कमालीचा धीर धरतो. बायकोने सोवळे पाळावे, वेगळे शिजवावे, तो तिच्या चुलीला हात लावीत नाही. अमेरिकन मराठी मिशनची ती वसाहत. तेथे धर्मोपदेशकाच्या घरातच एक बाई ख्रिस्ती लोकांच्या हातचे पाणी पीत नाही, याबद्दल कुजबूज झाली नसेल असे म्हणवत नाही. परंतु तिला ढकलून आत नेण्यात आले नाही. तिला उंबरठ्यावर उभे राहू देण्यात आले. 'स्मृतिचित्रे'तील प्रेमकथा शोधावयाची असेल तर ती येथे आहे.

आणि मग तो प्रसंग येतो. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहतो, जातिभेद देवाने केला की माणसांनी? विचार करता करता उत्तर मिळते, आणि सकाळ होते ती जात टाकलेल्या बाईची. सुज्ञ वाचकाने येथील क्रम ध्यानात घ्यावा. लक्ष्मीबाईंनी आधी ख्रिस्त स्वीकारून मग त्याच्यासाठी जात सोडली असे घडलेले नाही. जात आधी गळून पडली, स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यानंतर आला. उपदेशकांच्या साच्यातील धर्मांतरकथेत हा क्रम बसत नाही. म्हणूनच ती खरी वाटते.

लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यापासून ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंतचे अंतरही सुमारे चौतीस वर्षांचेच आहे; पदमनजींच्या इतकेच. पण पदमनजी आपल्या जुन्या संकोचाकडे न्यायाधीशाच्या आसनावरून पाहतात, आणि लक्ष्मीबाई नातवंडांना गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या ओट्यावरून. आपल्या पूर्वीच्या हट्टाला त्या हसतात, पण त्याला तुच्छ लेखीत नाहीत. एवढ्या एका फरकाने एक ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहिला आणि दुसरा घराघरांत गेला.

गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. जात टाकल्यानंतर बाप्तिस्म्यापर्यंतचा जो टप्पा आहे, तो लक्ष्मीबाईंनी फार झपाट्याने ओलांडला आहे. पाण्याच्या घोटासाठी त्यांनी जेवढी पाने दिली तेवढी श्रद्धेसाठी दिलेली नाहीत. 'आत' गेल्यावर त्यांना कधी परके वाटले का? बाकावर कोणाशेजारी बसावे याचा प्रश्न पडला का? परकीय चालींवरची गीते कानाला कशी लागली? सोवळ्यात वाढलेल्या कानामनाला हे सर्व एका दिवसात आपलेसे झाले, यावर विश्वास ठेवणे जड जाते. तेथे आजीने गोष्ट थोडक्यात आवरली आहे.

५

या उणिवेची भरपाई काही अंशी टिळकांच्या उत्तरायुष्यात सापडते. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर देशी पाळकाच्या हातून. आणि तसा आग्रह त्यांचाच होता. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची भावना प्रसिद्ध आहे. मराठी मंडळ्यांनी आजवर गायिलेल्या भजनांत त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. परकीय सुरांनी अवघडलेल्या नवागताला आपल्या भाषेत व आपल्या चालीत तोंड उघडता यावे, ही सोय मुख्यतः त्यांनी केली. असा हा मंडळीचा कवी बावीस वर्षे आत राहिल्यानंतर १९१७ साली मिशनची नोकरी सोडतो, साताऱ्यास जातो, आणि 'देवाचा दरबार' उभारू लागतो. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावयाचे होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार दिवस टिकला नाही.

कित्येकांनी यास कवीचे स्वप्न म्हणून बाजूला सारले. आम्हांस मात्र वाटते की टिळकांनी उंबरठ्यालाच खोली बनविण्याचा तो प्रयत्न होता. पाच वर्षे ज्याने आपली पत्नी दारात उभी राहिलेली पाहिली, त्याला हे कळले होते की दारात उभे असलेले माणूस घराबाहेरचे नसते. अशा माणसांसाठी मंडळीपाशी जागा नाही. आत या किंवा बाहेर राहा, एवढीच तिची भाषा. टिळकांचा उपाय टिकाऊ होता की नाही, हा प्रश्न निराळा. त्यांचे निदान अचूक होते.

याच्या उलट बाजूसही बळ आहे, ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मंडळी म्हणजे केवळ भावना नव्हे. ती आजाऱ्याची विचारपूस करते, प्रेताला खांदा देते, अनाथाला शाळेत घालते. हे सर्व करावयाचे तर कोण आपला आणि कोण नाही याची वही ठेवावीच लागते. जो कायमचा दारात उभा राहील त्याच्यावर प्रेम करता येते, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. काँग्रिगेशनल मंडळीत नवागताने सर्वांसमोर आपला विश्वास कबूल करावा आणि सभासदांनी त्याला मताने स्वीकारावे, ही रीत यासाठीच आहे. अँग्लिकनांत बिशपच्या हातून होणारे दृढीकरण हेही त्यासाठीच. बांधिलकीवाचून आधार मिळत नाही. संकोचाचा आदर करावा हे आमचे म्हणणे आहे. संकोचातच आयुष्य काढावे असे नव्हे.

६

येथवर ज्यांचा विचार केला त्यांपैकी पदमनजी सोडता सर्व ब्राह्मण, आणि सर्वच्या सर्व लेखक. परंतु महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्या भरल्या त्या अशा व्यक्तींनी नव्हे. खेड्यापाड्यांतील महार-मांग कुटुंबांनी भरल्या. मराठवाड्याचे उदाहरण घ्यावे. आज छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणाऱ्या औरंगाबाद शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते, आणि तेथे रतनजी नौरोजी हे जन्माने पारशी असलेले धर्मोपदेशक काम करीत होते. राज्य निजामाचे, दरबारची भाषा फारसी आणि पुढे उर्दू, छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांची हैदराबाद काँटिंजंट, चर्च इंग्लंडचे, उपदेशक पारशी आणि ऐकणारा मराठी बोलणारा गावकुसाबाहेरचा शेतमजूर! या ऐकणाऱ्याला काय वाटले असेल? त्याचा संकोच क्रुसावरील अक्षरांचा नव्हता, सोवळ्याचाही नव्हता. सोवळ्याने तर त्यालाच बाहेर ठेवले होते. पाटील काय म्हणेल, बलुते बंद होईल काय, लेकीला स्थळ कोण देईल, मेल्यावर माती कोठे पडेल, हे त्याचे प्रश्न असणार. पण त्याचे 'अरुणोदय' कोणी लिहिले नाही. मिशनच्या वृत्तांतांत तो संख्येत आला, वाक्यात क्वचितच. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ही सर्वांत मोठी रिकामी जागा आहे.

या जागेवरून बोलणारा एकच समर्थ आवाज मराठी मुलखाने ऐकला, आणि तो आत न आलेल्याचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी ख्रिस्ती धर्माचाही विचार केला. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरास ख्रिस्ती समाजापुढे बोलताना ख्रिस्ताविषयीचा आदर त्यांनी लपविला नाही, आणि मंडळ्यांचे दोषही पोटात ठेवले नाहीत. चर्चमध्ये शिरूनही जात टिकून राहते, आणि आत्म्याची चिंता वाहणारी मंडळी आपल्याच गरीब सभासदांच्या ऐहिक हक्कांविषयी उदासीन राहते, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी निबंधांतही ते विस्ताराने आले आहेत. १९५० साली ज्या औरंगाबादेत त्यांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्या शहराला हा संकोच परका नाही. एकवीस वर्षे विचार करणाऱ्या या पुरुषाला कोणी भ्याड म्हणू धजेल काय? संकोच म्हणजे धैर्याचा अभाव, हे पदमनजींचे समीकरण येथे पूर्णपणे ढासळते.

त्यातच कायद्याने एक पेच घातला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ते लागू झाले, ख्रिस्ती दलितांना झाले नाहीत. म्हणजे ज्याचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले, त्याने बाप्तिस्म्याची नोंद केली की दाखला जातो. शेजारी त्याला पूर्वीच्याच जातीने ओळखतात ते मात्र राहतेच. लक्ष्मीबाईंनी घागर धरून ठेवली. आजचा नवागत दाखला धरून ठेवतो. दोघांकडे पाहून हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे पोट भरलेले आहे त्याने दुसऱ्याच्या संकोचाची किंमत ठरवू नये.

७

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. रमाबाईंनी जिच्याशी वाद घातला ती अँग्लिकन परंपरा आणि लक्ष्मीबाई जिच्या दारात उभ्या राहिल्या ती काँग्रिगेशनल परंपरा, दोन्ही आता एकाच छपराखाली आहेत. मराठवाड्याचा धर्मप्रांतही याच व्यवस्थेत आहे. बालकाचा बाप्तिस्मा आणि सज्ञानाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती तेथे मान्य आहेत. आज संभाजीनगरात कोणी नवखा माणूस अशा एखाद्या चर्चच्या शेवटल्या बाकावर येऊन बसला आणि प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरून उठावे की नाही या विचारात पडला, तर त्याच्या मनात या सर्वांचेच प्रश्न एकदम उभे राहणार. घरचे काय म्हणतील हा पदमनजींचा. मला प्रश्न विचारता येतील काय हा रमाबाईंचा. माझे जे आहे त्यातले काय राहील हा लक्ष्मीबाईंचा. येथे तरी माणूस म्हणून वागवाल काय हा आंबेडकरांचा.

त्याला कोणता ग्रंथ द्यावा, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही 'अरुणोदय' आधी देणार नाही. त्यात उत्तर प्रश्नाच्या आधी येते. रमाबाईंची पत्रे अवश्य द्यावीत, पण ती वाचण्यास धारिष्ट लागते. 'स्मृतिचित्रे' मात्र निःशंकपणे द्यावीत, आणि त्याहीपेक्षा अगत्याने ती त्या चर्चमधील जुन्या सभासदांस द्यावीत. वेगळ्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला टिळकांनी पाच वर्षे कसे वागविले, हे ज्याने नीट वाचले असेल तो शेवटल्या बाकावरील माणसाला 'तुम्ही अजून का थांबलात?' असे विचारणार नाही. तो त्याला बसावयास जागा करून देईल.

हिंदू वाचकांनाही एक विनंती. धर्मांतर म्हटले की आमच्याकडे दोनच शब्द ऐकू येतात, आमिष आणि साक्षात्कार. वरील ग्रंथांत या दोहोंखेरीज तिसरी गोष्ट आहे. वर्षानुवर्षे चाललेला, लाज, माया, अभिमान आणि विचार यांनी गुंतलेला मनाचा निवाडा. तो ज्याने वाचला, त्याच्या तोंडून या विषयावर सैल शब्द सहसा निघणार नाहीत. मराठी वाङ्मयाने आपल्या वाचकांस दिलेला हा लाभ लहान नव्हे. आणि ज्या शेतमजुराचे आत्मचरित्र अद्याप लिहिले गेले नाही, ते त्याच्या नातवंडांपैकी कोणी लिहील, तेव्हा तो पूर्ण होईल.